वडिलांची स्प्लेंडर, पंचवीस हजार रुपये आणि ‘कुणाकडेच नसलेले’ पार्ट

कराडजवळच्या एका तरुणाचा प्रश्न आहे. वडिलांची २००६ ची स्प्लेंडर प्लस घरात उभी आहे, इंजिन चांगलं आहे आणि तिला स्क्रॅम्बलरचं, म्हणजे कच्च्या रस्त्यावर चालेल अशा जुन्या ढंगाच्या बाइकचं रूप द्यायचं आहे. गोल हेडलाइट, रुंद हँडल, बटन टायर (जाड गाठींच्या नक्षीचे), एकट्यासाठी सपाट सीट, वर उचललेला मडगार्ड असं चित्र डोक्यात आहे. हातात पंचवीस हजार रुपये आहेत. ऑनलाइन आवडलेल्या वस्तूंची बेरीज केली तर ती चाळीस हजारांच्या पुढे गेली. म्हणून ते विचारतात, ‘स्वस्त आणि कुणाकडेच नसतील असे पार्ट कुठे मिळतात? दुकान सांगा.’

मी कोल्हापुरात अठरा वर्षं गॅरेज चालवतो आणि त्यातली दहा-बारा वर्षं गाड्यांचं रूप बदलायचं काम करतो. दुकानांची नावं सांगून हा प्रश्न सुटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला दोन गोष्टी एकाच वस्तूत हव्या आहेत, स्वस्ताई आणि वेगळेपणा. दुकानात या दोन्ही एकत्र सापडणं कठीण. स्वस्त पार्ट स्वस्त असतो कारण तो हजारोंनी बनतो, आणि जो हजारोंनी बनतो तो तुमच्या शेजारच्या गाडीवरही दिसणार. ऑनलाइन ‘युनिक’ म्हणून जो जाळीवाला गोल दिवा विकतात, तो गेल्या वर्षात माझ्याकडे आलेल्या चार वेगवेगळ्या गाड्यांवर होता. चारही मालकांनी तो वेगळा दिसावा म्हणूनच घेतला होता.

मी उलट्या बाजूने जातो. वस्तू नेहमीचीच घ्यायची, पण दुसऱ्या एखाद्या गाडीची. ती आपल्या गाडीवर बसवायला जो जोडतुकडा लागतो, म्हणजे ब्रॅकेट, बुश, स्पेसर किंवा पट्टी, तो तेवढा करून घ्यायचा. दिवा बुलेटचा, सांगाडा स्प्लेंडरचा आणि मधली ब्रॅकेट तुमची. पैसे त्या ब्रॅकेटवर घाला. ती शे-दोनशे ग्रॅमची असते, पण गाडीचा अख्खा चेहरा तिच्यावर ठरतो. दिवा दोन बोटं खाली आणि एक बोट मागे घेतला की तीच गाडी वेगळी दिसायला लागते.

पार्टकडे वळण्याआधी कागदपत्रांचं बोलून घेऊ, कारण तुमच्या बाबतीत सगळी आखणी त्यावर अवलंबून आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. शिवाय तुमची गाडी २००६ ची. पंधरा वर्षांनी, २०२१ मध्ये, तिचं नोंदणी नूतनीकरण झालं असेल आणि ते पाच वर्षांसाठीच असतं. म्हणजे गाडी पुन्हा आरटीओत तपासणीला न्यावी लागणार. सांगाडा कापलेला, मागचा भाग उडवलेला, नंबर प्लेट कुठेतरी बाजूला लटकलेली अशी गाडी तिथे उभी केलीत तर वडिलांच्या गाडीचे कागद अडकतील.

म्हणून माझा नियम असा, की सांगाड्यावर ग्राइंडर चालवायचा नाही. जे बसवायचं ते मूळ भोकांमध्ये, मूळ बोल्टवर बसवायचं. काढलेला प्रत्येक पार्ट, अगदी छोटा बोल्टसुद्धा, चिठ्ठी लावून पोत्यात भरून माळ्यावर ठेवायचा. एका दिवसात गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. कोणता बदल खपवून घेतला जाईल आणि कोणता नाही, हे तपासणाऱ्या अधिकाऱ्यावर आणि बदलाच्या स्वरूपावरही अवलंबून असतं. त्यामुळे ‘एवढं चालतं’ असा शब्द मी देणार नाही. रंग बदलणार असाल तर तो नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, तेव्हा आधी आरटीओत विचारून रीतसर नोंद करून घ्या. आणि सायलेन्सरला हात लावू नका. पुंगळी (मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) लावून येणाऱ्या मुलांना मी परत पाठवतो. मूळ सायलेन्सर काढला की आवाजाचा गुन्हा होतो, शिवाय कार्बोरेटरचं सेटिंग बिघडतं आणि ॲव्हरेज जातं. मूळ पाइप साफ करून त्यावर उष्णता सोसणारा काळा रंग मारा, तो स्क्रॅम्बलरवर छान दिसतो.

आता पंचवीस हजारांचं. यातले दहा हजार मी गाडी धड करायला बाजूला काढीन. टायर, ब्रेक लायनर, हँडलच्या बेअरिंगचा कोन सेट, चेन सेट, चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या भागाचे) बुश आणि वायरिंगमधले उघडे जोड यांत ते जातात. वीस वर्षांच्या गाडीत यातलं निम्मं तरी संपलेलं असतंच. दहा हजार रूपासाठी आणि पाच हजार हातात राखून ठेवायचे, कारण काहीतरी दोनदा करावंच लागतं. आजवर एकही गाडी माझ्याकडून पहिल्या हिशेबात बसलेली नाही. तुमच्या गाडीचं यातलं काही आधीच केलेलं असेल तर तेवढे पैसे रूपाकडे वळवा.

एक वाटणी डोक्यात पक्की करा. पार्ट तुटला तर गाडी कुरूप दिसेल, की माणूस पडेल? हेडलाइटचा कडा, साइड पॅनेल, सीटचं कव्हर, टूल बॅग, बॅज यांत हवी तेवढी कल्पकता करा. हँडल, टी (हँडल आणि शॉकअप धरणारा तुकडा), शॉकअप, चाक, ब्रेक, चिमटा, फूटरेस्ट यांत जुगाड नको. इथे कारखान्यात बनलेला पार्ट तसाच वापरायचा. पुढे डिस्क ब्रेक हवाच असेल तर टी, शॉकअप, चाक, कॅलिपर आणि मास्टर सिलिंडर हा सगळा संच एकाच गाडीचा पाहिजे. एकीचा शॉकअप आणि दुसरीचा कॅलिपर वेल्डिंगच्या कानावर जोडलेली गाडी मी दुरुस्तीलासुद्धा घेत नाही. तुमच्या बजेटमध्ये डिस्कचा विचार सोडा. नवे लायनर, साफ केलेला ड्रम आणि नवी केबल घातली की स्प्लेंडर तिच्या वेगाला पुरेशी थांबते.

माल शोधायचा तर पुण्याच्या नाना पेठेत दुचाकीच्या नव्या पार्टची आणि ॲक्सेसरीजची दुकानं ओळीने आहेत. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात कधी कधी एखादी दुर्मीळ वस्तू हाताला लागते. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि ऑपेरा हाऊसचा भाग आहे. बुलेटच्या सजावटीचा माल दिल्लीच्या करोल बागेतून देशभर जातो आणि तोच इथे वाढीव भावाने विकला जातो. पण कराडहून पुण्याला एका मडगार्डसाठी जाणं परवडत नाही. आधी तुमच्या गावातल्या जुन्या मेकॅनिकच्या गॅरेजमागचा ढीग बघा. तीस वर्षं काम केलेल्या माणसाकडे राजदूत, येझदी, आरएक्स यांचे मडगार्ड, दिव्याच्या वाट्या, टूल बॉक्स गंजत पडलेले असतात. तिथे घासाघीस करू नका. चहा घ्या, गाडी दाखवा, काय करायचं आहे ते सांगा. मला माझे सगळ्यात चांगले पार्ट असेच मिळाले आहेत, आणि त्यातले दोन-तीन तर त्या माणसांनी पैसे न घेता दिले, फक्त गाडी झाली की आणून दाखव म्हणाले.

जुना माल घेताना बिल मागा, किमान कागदावर लिहून सही घ्या. ज्यावर नंबर कोरलेला असतो असा सांगाडा किंवा इंजिनचं केसिंग भंगारातून घेऊ नका. नंबर घासलेला दिसला तर त्या दुकानातून काहीच घेऊ नका. स्वस्तात मिळतंय म्हणून चोरीच्या गाडीचा तुकडा घरात आणायचा नाही.

बाजारात जाताना खिशात व्हर्नियर (जाडी अचूक मोजायचं साधन) आणि वहीत मापं असली पाहिजेत. बऱ्याच जणांचे पैसे इथेच वाया जातात. आपल्याकडच्या बहुतेक साध्या हँडलचा पाइप २२ मिलिमीटरचा असतो, म्हणून एका गाडीचं हँडल दुसरीवर बसतं. काही नव्या गाड्यांचं हँडल मात्र क्लॅम्पपाशी २८ मिलिमीटरचं जाड असतं. ते तुमच्या टीवर बसणार नाही आणि बसवायचा प्रयत्नही करू नका. आरशाचे आटे बहुतेक बाइकला १० मिलिमीटरचे, बऱ्याच स्कूटरला ८ चे, आणि यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. बुलेटचा दिवा सात इंची. तो स्प्लेंडरच्या अंगाला थोडा मोठा वाटतो, पण स्क्रॅम्बलरला मोठा दिवा शोभतो. लहान हवा असेल तर अव्हेंजर किंवा आरएक्सच्या वाट्या मोजून पाहा. २००१ साली आलेल्या पहिल्या पल्सरलाही गोलच दिवा होता, तिची वाटी कुणी विचारत नाही म्हणून स्वस्तात मिळून जाते.

दिव्याची एक गोष्ट कुणी सांगत नाही आणि मग माणसं माझ्याकडे येतात. जुन्या स्प्लेंडरचा हेडलाइट बॅटरीवर चालत नाही, तो मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या एसी करंटवर चालतो. म्हणून रेस कमी केली की उजेड मंद होतो. अशा गाडीला बाजारातला एलईडी दिवा सरळ जोडला की तो फडफडतो आणि काही दिवसांत जातो. दुकानदार म्हणतो वायरिंग खराब, मेकॅनिक म्हणतो दिवा खराब, आणि दोन हजार रुपये गेलेले असतात. एलईडी लावायचाच असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून कॉइलची अर्थिंग सोडवून आणि रेक्टिफायर बदलून गाडी ‘फुल डीसी’, म्हणजे हेडलाइटही बॅटरीवर, करून घ्यावी लागते. तो वेगळा खर्च आहे. तुमच्या बजेटमध्ये मी गोल वाटी घेईन, आत चांगलं रिफ्लेक्टर घालीन आणि मूळ वॅटचा साधा बल्बच ठेवीन. रात्री गावाकडच्या रस्त्यावर रिफ्लेक्टर चांगलं असणं बल्बच्या प्रकारापेक्षा महत्त्वाचं.

रुंद हँडलसाठी हिरोच्याच इम्पल्स किंवा एक्सपल्सची हँडलं भंगारात पाहा, अर्थात क्लॅम्पपाशी व्हर्नियर लावून २२ येतंय का हे बघूनच. सरळ आहे का ते काचेवर ठेवून तपासा. पडलेल्या गाडीचं वाकून पुन्हा सरळ केलेलं हँडल घ्यायचं नाही. हँडल उंच-रुंद झालं की केबल अपुऱ्या पडतात. ब्रेकची केबल जोड देऊन वाढवू नका. दुसऱ्या मॉडेलची लांब केबल शोधा किंवा केबल बनवणाऱ्याकडून अख्खी नवी करून घ्या. सगळं बसलं की गाडी मेन स्टँडवर घेऊन चालू करा आणि हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जाते आहे. रस्त्यावर वळणात असं झालं तर गाडी हातात राहत नाही. ही तपासणी मी प्रत्येक गाडीला करतो, दुसऱ्या गॅरेजमधून आलेल्या गाडीलासुद्धा.

टायरबाबत मोह आवरा. स्प्लेंडरला दोन्ही चाकं १८ इंची आणि मूळ टायर २.७५ चे. मागे ३.०० चा बटन टायर बसतो, चिमट्याला आणि चेनला घासत नाही आणि डोळ्याला पुरेसा भरीव दिसतो. त्याहून रुंद टायर अरुंद रिमवर घातला की त्याची कड आत ओढली जाते, वळणात गाडी अडखळते आणि शंभर सीसीच्या इंजिनाला ते वजनही ओढवत नाही. बटन टायर ओल्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरइतका धरत नाही, हेही लक्षात असू द्या. तुमचं रोजचं जाणं डांबरावरच असेल तर मिश्र नक्षीचा टायर घ्या. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

पुढचा मडगार्ड वर उचलायचा आहे म्हणता. त्यात एक अडचण आहे. लहान गाड्यांत मडगार्डची आतली लोखंडी पट्टी दोन्ही शॉकअपना एकमेकांशी बांधून ठेवते. ती काढून टाकली की खड्ड्यात आणि ब्रेक मारताना दोन्ही शॉकअप वेगवेगळे हलतात, हँडल सैल वाटतं. म्हणून वरचा मडगार्ड लावलात तरी खालची पट्टी राहू द्या. काळा रंग देऊन नुसती पट्टी ठेवली तर ती मुद्दाम बसवल्यासारखी दिसते.

आता जोडतुकड्यांकडे येतो, कारण माझ्या मते खरी मजा आणि खरी बचत इथे आहे. आधी पुठ्ठ्याचं फर्मा करायचं. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा चालतो. गाडीवर धरून कापत राहायचं, दिवा दोरीने बांधून लांब जाऊन बघायचं, पुन्हा कापायचं. यात दोन संध्याकाळी गेल्या तरी जाऊ द्या, पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत. आकार पटला की त्याचं चित्र काढून लेझर कटिंगवाल्याला द्यायचं. त्याला डीएक्सएफ फाइल, म्हणजे मशीनला वाचता येईल असं संगणकावरचं चित्र, लागते. कराडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथला मेकॅनिकलचा एखादा मुलगा ही फाइल तासाभरात आनंदाने काढून देईल, आणि त्याला गाडीतलं खरं काम बघायला मिळेल. इकडे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेझरवाले बरेच आहेत. त्यांचा हिशेब पत्र्याची जाडी आणि कापाची एकूण लांबी यांवर असतो. एकाच ब्रॅकेटसाठी मशीन लावायला ते नाखूश असतात, म्हणून ‘घाई नाही, मोठ्या कामातून उरलेल्या पत्र्यात कापून द्या’ असं सांगायचं. त्या एका वाक्याने मला कितीतरी कामं चहापाण्याच्या खर्चात झाली आहेत. दिवा, मीटर, इंडिकेटर यांच्या ब्रॅकेटला ३ मिलिमीटरचा साधा लोखंडी पत्रा पुरतो.

ब्रॅकेटचं एक मी चुकून शिकलो. गॅरेज सुरू करून तीन-चार वर्षं झाली होती. एका गाडीला मागच्या मडगार्डची ब्रॅकेट मी पातळ पत्र्याची केली, आतला कोपरा काटकोनात कापला आणि नेमका तिथेच वेल्डिंगचा टाका संपवला. दिसायला सुरेख झाली. दोन महिन्यांनी गगनबावड्याच्या रस्त्यावर त्या कोपऱ्यातून चीर गेली आणि मडगार्ड चाकावर बसला. गाडी चढावर हळू होती म्हणून तो मुलगा नुसता थांबला. तो दिवस मी विसरलेलो नाही. त्या रात्री मी त्याच पद्धतीने केलेल्या आणखी दोन गाड्यांच्या मालकांना फोन करून गाड्या परत बोलावल्या आणि ब्रॅकेट बदलून दिल्या. एक सिलिंडरची गाडी सतत थरथरत असते आणि चीर नेहमी टोकदार कोपऱ्यातून किंवा वेल्डिंगच्या कडेतून सुरू होते. म्हणून आतला प्रत्येक कोपरा गोल ठेवा, वेल्डिंग कोपऱ्यापासून लांब संपवा आणि जिथे जमेल तिथे बोल्टखाली रबरी बुश घाला. वेल्डिंगऐवजी वाकवून काम होत असेल तर वाकवा.

आमच्या उद्यमनगरात लेथ आणि फाउंड्री शेजारी-शेजारी आहेत. बुश आणि स्पेसर टर्नरकडून उरलेल्या सळीतून काढून मिळतात. माप लिहून न्या, पार्टही सोबत न्या. ॲल्युमिनियमचा एखादा शोभेचा तुकडा ओतून घ्यायचा असेल तर लाकडाचा पॅटर्न करायचा आणि तो मापाहून किंचित मोठा ठेवायचा, कारण ॲल्युमिनियम थंड होताना साधारण शेकडा एक-सव्वा आक्रसतं. हल्ली मी पॅटर्न थ्रीडी प्रिंटरवर काढून घेतो, सुताराकडच्या दोन फेऱ्या वाचतात. पण असं ओतकाम फक्त झाकणाला, बॅजला, नॉबला. वाळूच्या ओतकामात आत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून फूटरेस्ट किंवा ब्रेकचा पेडल त्यात करू नये. आणि थ्रीडी प्रिंट सरळ गाडीवर लावणार असाल तर स्वस्त पीएलए (प्रिंटरचं साधं प्लास्टिक) नको. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि आपल्याकडच्या एप्रिलमधल्या उन्हात उभ्या गाडीवर वाकडं होतं.

साइड पॅनेल आणि सीटमागचा उंचवटा फायबरमध्ये करायचा असेल तर एक वाट सांगतो. कुंभार गल्लीत जा. गणपती करणाऱ्या माणसाइतका आकाराचा डोळा कुठल्या फायबरवाल्याकडेही नसतो. माझ्या एका गाडीचं साइड पॅनेल मूर्तिकाराने शाडूत घडवून दिलं. मी चित्र दाखवलं, त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, ‘ही रेघ टाकीवरनं येत्या, तिला इथं मरू द्यायची नाही.’ तीन तासांत डावं-उजवं दोन्ही तयार झालं. त्यावरून प्लास्टरचा साचा घेतला आणि साच्यात फायबर भरलं. गणपतीच्या आधीचे तीन-चार महिने त्यांना मान वर करायला वेळ नसतो, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. फायबर घरी भरणार असाल तर मोकळ्या हवेत, हातमोजे आणि मास्क घालूनच. रेझिनमध्ये पडणारा कोबाल्ट आणि हार्डनर हे दोन एकमेकांत थेट मिसळू नका, त्यातून आग किंवा स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग दुसरा.

कातड्याची टूल बॅग चप्पल करणाऱ्याकडून शिवून घ्या. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं, वापराने त्याचा रंग गडद होत जातो आणि हाताच्या वादीची शिवण मशीनच्या शिवणीशी तुलना होऊच शकत नाही अशी दिसते. अशी बॅग कुठल्या साइटवर मिळणार नाही. मात्र हे कातडं पावसात पाणी पितं. जूनच्या आधी मेण-तेल चोळा, चार महिने बॅग घरात ठेवा. सीटला हे कातडं लावू नका, सीटला चांगलं रेक्झिनच बरं. पुण्यात जवळचं कुणी असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत हेडलाइटच्या कड्यावर किंवा साध्या तांब्याच्या पट्टीवर मठारकाम करून घ्या. हातोड्याच्या एकेका ठोक्याचा तो उठाव दिव्याच्या उजेडात काय दिसतो ते सांगून कळणार नाही. तांबं काळं पडतं, त्यावर लॅकर मारा किंवा काळं पडू द्या, दोन्ही चांगलं.

टाकीबद्दल. दुसऱ्या गाडीची टाकी घेण्याआधी तिच्या खालच्या खाचेची रुंदी आणि पुढच्या रबरापासून मागच्या बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. आत मोबाइलचा उजेड टाकून गंज बघा. गंजलेली टाकी स्वस्तात घेतली तर कार्बोरेटर दर पंधरा दिवसांनी उघडावा लागतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत पेट्रोलची वाफ असते आणि तीच पेट घेते, म्हणून तिच्यावर वेल्डिंग फक्त हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच. पावडर कोटिंग ब्रॅकेटला उत्तम, पण पुट्टी भरलेल्या टाकीला नाही. भट्टीत दोनशे अंशांच्या आसपास तापवतात, त्यात पुट्टी फुगते. स्प्लेंडरची मूळ टाकी मला तरी सुंदर वाटते. स्टिकर काढले, एकाच गडद रंगात रंगवली आणि दोन्ही बाजूंना गुडघ्यापाशी रबर लावलं की ती ओळखू येत नाही. टाकीवरचे पैसे वाचवा.

सीटचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला. तुम्ही सपाट एकटी सीट म्हणालात. नोंदणी पुस्तकात दोघांची गाडी आहे, आणि तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात की आईला अजूनही बाजाराला याच गाडीवर नेता. तर मूळ सीटचा पत्रा ठेवा, वरचा फोम काढून सपाट भरा, मागचा भाग दीड इंच पातळ करा पण ठेवा. मागचे फूटरेस्ट आणि साडीगार्ड काढू नका. साडीगार्डचा मूळ पत्रा टोचत असेल तर त्याच मापाचा, त्याच भोकांवर बसणारा गोल सळीचा नवा करून घ्या. मी अशा दोन गाड्यांवर तो ब्रॅकेटच्याच रंगात केला आहे आणि येणारे-जाणारे आधी त्याच्याबद्दल विचारतात, की ही बॅगेची जाळी कुठून आणली म्हणून.

तुमच्या गाडीची ही मापं पाठवा : टीवरच्या दोन क्लॅम्पमधलं अंतर, शॉकअपच्या दोन नळ्यांमधलं अंतर, सीटच्या पत्र्याची लांबी, आणि एका बाजूने टाकीच्या उंचीवर मोबाइल धरून काढलेला फोटो. दिव्याच्या ब्रॅकेटचा पुठ्ठा मी इथे कापून त्याचा फोटो पाठवतो, तो समोर ठेवून तुम्ही तुमचा कापा.